झाकली मूठ कोणापासून झाकलेली?

१८ जुलै २०१६ रोजी ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सने ४७२ विरुद्ध ११७ मतांनी ठरवले की अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचे दल पुढच्या पिढीसाठीही कायम ठेवायचे. चार नव्या पाणबुड्या, ३१ अब्ज पौंडांचा अंदाजित खर्च आणि अडीअडचणीसाठी आणखी १० अब्जांची तरतूद. थेरेसा मे यांना पंतप्रधान होऊन जेमतेम पाच दिवस झाले होते. लाखभर निरपराध माणसे मरतील असा अणुहल्ला करण्याचा आदेश तुम्ही स्वतः द्याल का, असे एका खासदाराने त्यांना विचारले. त्यांनी सरळ ‘हो’ म्हटले. एवढ्या भीषण प्रश्नाला इतके थेट उत्तर संसदेत क्वचितच मिळते.

त्या सभागृहाला एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती. महिनाभर आधी, जूनमध्ये, फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ ‘एचएमएस व्हेंजन्स’ या पाणबुडीतून ट्रायडंट या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राची चाचणी झाली होती आणि ती फसली होती. क्षेपणास्त्रावर अण्वस्त्र नव्हते, त्यामुळे कोणाला इजा झाली नाही. पण ज्या शस्त्रप्रणालीवर अब्जावधी पौंड खर्च करायला खासदार हात वर करत होते, तिची ताजी परीक्षा अयशस्वी झाल्याचे सरकारला ठाऊक होते आणि मतदान करणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

बातमी फुटली ती सहा महिन्यांनी. २२ जानेवारी २०१७ रोजी ‘संडे टाइम्स’ने ती छापली आणि त्याच सकाळी बीबीसीवर अँड्र्यू मार यांनी मे यांना विचारले, सभागृहात भाषण केलेत तेव्हा तुम्हाला हे माहीत होते का? त्यांनी हा प्रश्न चार वेळा विचारला. चारही वेळा पंतप्रधानांनी ट्रायडंटवर आपला पूर्ण विश्वास असल्याचे सांगितले आणि माहीत होते की नव्हते, हे सांगायचे टाळले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कार्यालयाने कबूल केले की चाचणीची माहिती त्यांना दिली गेली होती. त्याच दिवशी संरक्षणमंत्री मायकेल फॅलन सभागृहात उभे राहिले आणि असा तपशील देता येत नाही, एवढेच पुन्हापुन्हा म्हणत राहिले. ते बोलत असतानाच सीएनएन या अमेरिकी वाहिनीवर एका अमेरिकी अधिकाऱ्याच्या हवाल्याने बातमी आली, की क्षेपणास्त्रात बिघाड झाला होता आणि ते समुद्राकडे वळवून नष्ट करावे लागले. मेरी क्रे या खासदाराने ती बातमी सभागृहातच मंत्र्यांपुढे ठेवली. अमेरिकी वाहिनीच्या प्रेक्षकांना जे कळते ते ब्रिटिश संसदेला सर्वांत शेवटी का कळावे, हा त्यांचा प्रश्न होता. त्याला उत्तर मिळाले नाही.

अण्वस्त्रांच्या बाबतीत गुप्तता हवीच, हे मला मान्य आहे. बॉम्बची रचना, पाणबुडीचा मार्ग, आदेश देण्याची सांकेतिक पद्धत, साठ्याचे नेमके ठिकाण या गोष्टी उघड करा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. आपल्याकडची जुनी म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. अण्वस्त्रांची सगळी भिस्त या म्हणीवरच आहे. मुठीत काय आहे याची शत्रूला खात्री नसावी, म्हणजे तो पाऊल पुढे टाकणार नाही. पण मूठ झाकायची ती कोणापासून? ट्रायडंटच्या प्रकरणात हा प्रश्न विचारला की उत्तर फार अस्वस्थ करणारे येते.

अशी चाचणी लपून होत नाही. आधी समुद्र आणि आकाश मोकळे ठेवण्याच्या सूचना निघतात, त्या सगळ्या जगाला वाचता येतात. क्षेपणास्त्र पाण्यातून वर आले की त्याची उष्णता उपग्रहांना दिसते. ज्यांच्याकडे असे उपग्रह आहेत त्यात रशिया पहिल्या काही देशांत येतो, आणि ब्रिटनचे अण्वस्त्र प्रामुख्याने त्याच्याचसाठी आहे. अमेरिकेला तर सगळेच ठाऊक, कारण क्षेपणास्त्रे त्यांच्याच कारखान्यातली, जॉर्जियातल्या किंग्ज बे तळावरच्या सामाईक साठ्यातून घेतलेली, आणि चाचणीचे क्षेत्रही त्यांचेच. मग अंधारात कोण राहिले? ज्यांनी पैसे भरले ते करदाते आणि ज्यांनी मत दिले ते खासदार.

आणि ही गुप्तता नेहमीची होती, असेही नाही. २०१२ मध्ये ‘एचएमएस व्हिजिलंट’वरून चाचणी यशस्वी झाली तेव्हा संरक्षण मंत्रालयाने तिची चित्रफीत प्रसिद्ध केली होती. यश मिळाले की जगाला दाखवायचे आणि अपयश आले की राष्ट्रीय सुरक्षेचे कारण सांगायचे, अशी ही रीत. हा मुद्दा ज्युलियन लुईस यांनीही मांडला. ते सत्ताधारी हुजूर पक्षाचेच, संसदेच्या संरक्षण समितीचे अध्यक्ष आणि अण्वस्त्रांचे आयुष्यभराचे कट्टर समर्थक. त्यांचे म्हणणे अण्वस्त्रविरोधकांपेक्षा मला जास्त महत्त्वाचे वाटते. सुरक्षेचा निकष खरोखर वापरला असता तर यशस्वी चाचणीचीही माहिती दडवावी लागली असती, कारण शत्रूला उपयोगी पडेल असा तपशील दोन्हींत सारखाच असतो. सोयीनुसार उघडझाप होणाऱ्या गुप्ततेला सुरक्षा म्हणता येत नाही, तो प्रसिद्धीचा भाग झाला.

खासदारांना सांगितले असते तर काय झाले असते? माझ्या मते निकाल बदलला नसता. ३५५ मतांचे आधिक्य एका चाचणीने पुसले जात नाही. ट्रायडंटच्या या आवृत्तीची दीडशेहून अधिक यशस्वी उड्डाणे झाली आहेत, हे सरकारला अभिमानाने सांगता आले असते. विरोधी मजूर पक्षातले बहुसंख्य खासदारही ठरावाच्या बाजूनेच होते. म्हणजे ज्या सत्याने सरकारचे काही बिघडले नसते, तेही लपवले गेले. मला या प्रकरणातली सर्वांत चिंतेची गोष्ट हीच वाटते. इथे दडवण्यामागे कोणता डावपेच शोधत बसण्याची गरज नाही. अण्वस्त्र म्हटले की काही सांगायचे नसते, ही सवयच यंत्रणेच्या हाडीमाशी खिळलेली आहे. सवयीला कारण लागत नाही, म्हणूनच ती मोडायला कायदा लागतो.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटनची पुढची चाचणी झाली थेट ३० जानेवारी २०२४ रोजी, ‘एचएमएस व्हॅनगार्ड’वरून. ही पाणबुडी सात वर्षांहून अधिक काळ दुरुस्तीत होती. संरक्षणमंत्री ग्रँट शॅप्स आणि नौदलप्रमुख दोघेही त्या वेळी पाणबुडीवर हजर होते. क्षेपणास्त्र पाण्याबाहेर आले, पण त्याचे इंजिन पेटलेच नाही आणि ते जवळच समुद्रात कोसळले. या वेळीही बातमी सरकारने दिली नाही. तीन आठवड्यांनी ‘द सन’ने ती छापली आणि मग मंत्र्यांचे लेखी निवेदन आले की हा त्या चाचणीपुरताच उद्भवलेला दोष होता, प्रणालीच्या विश्वासार्हतेवर त्याचा परिणाम नाही.

असेलही. पण तपासणार कोण? अमेरिका अशा चाचण्या वरचेवर करते, त्यामुळे एखादी फसली तरी बाकीच्यांचा पुरावा हाताशी असतो. ब्रिटनच्या चाचण्यांत वर्षानुवर्षांचे अंतर असते. २०१२ नंतरच्या दोन ज्ञात चाचण्या, दोन्ही अयशस्वी. दोन्हींची कारणे वेगळी असतील, पहिल्या वेळचा दोष नीट दुरुस्तही झाला असेल, पण हे सगळे मंत्र्याच्या शब्दावर मान्य करावे लागते. आणि त्या शब्दाची पत २०१७ मध्येच खर्ची पडली आहे. याच काळात ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने स्वतःच्या अणुसुरक्षा नियामकाचे वार्षिक अहवाल प्रसिद्ध करणेही बंद केले. आधीची दहा वर्षे ते प्रसिद्ध होत होते. त्यात कुशल अभियंत्यांची कमतरता वाढत असल्याचे वारंवार नोंदवलेले असे. ते वाचून कोणा शत्रूने हल्ला केल्याचे ऐकिवात नाही.

अपयश कबूल केले की धाक कमी होतो, या युक्तिवादाचे उत्तर आपल्याच देशात सापडते. ९ जुलै २००६ रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या व्हीलर बेटावरून अग्नी-३ चे पहिले उड्डाण झाले. हे क्षेपणास्त्र अण्वस्त्र वाहून नेण्यासाठीच बनवलेले. ते ठरल्या ठिकाणी पोहोचले नाही, बंगालच्या उपसागरात कोसळले. दुसऱ्या टप्प्यात बिघाड झाल्याचे आपण जगाला सांगितले. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापले, टीकाही झाली. डीआरडीओने दोष शोधला, दुरुस्त केला आणि १२ एप्रिल २००७ रोजी तेच क्षेपणास्त्र यशस्वी उडाले. त्या नऊ महिन्यांत ना चीनने युद्ध पुकारले ना पाकिस्तानने. उलट दुसऱ्या उड्डाणाच्या यशावर लोकांनी विश्वास ठेवला, कारण पहिल्याचे अपयश त्यांना खरे सांगितले गेले होते. पारंपरिक शस्त्रांच्या बाबतीत तर कॅगने २०१७ मध्ये आकाश क्षेपणास्त्राविषयी संसदेला लिहून दिले की तपासलेल्या क्षेपणास्त्रांपैकी ३० टक्के अपयशी ठरली. त्यानेही आकाश कोसळले नाही.

मग जिथे मामला थेट बॉम्बचा आहे तिथे आपण काय केले? ११ मे १९९८ रोजी पोखरणला तीन स्फोट झाले. त्यातला सर्वांत मोठा हायड्रोजन बॉम्बचा, ४५ किलोटन क्षमतेचा, असे सरकारने जाहीर केले. परदेशी भूकंपशास्त्रज्ञांनी लगेच शंका घेतल्या, त्या परक्यांच्या म्हणून बाजूला ठेवता आल्या. पण ऑगस्ट २००९ मध्ये के. संथानम बोलले. डीआरडीओच्या वतीने पोखरणच्या चाचणीस्थळाची जबाबदारी सांभाळणारे हे शास्त्रज्ञ. त्यांनी सांगितले की हायड्रोजन बॉम्बचा स्फोट अपेक्षेपेक्षा बराच कमी झाला. त्यांचा पुरावा वाळवंटातला होता. साध्या अणुबॉम्बच्या स्फोटाने सुमारे २५ मीटर व्यासाचा खड्डा पडला, आणि त्याच्या तिप्पट शक्तीचा म्हणवणारा बॉम्ब जमिनीखालच्या ज्या खोल विहिरीत फोडला, तिचे मात्र फारसे नुकसान झालेले नव्हते. अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष पी. के. अय्यंगार आधीपासूनच शंका मांडत होते. दुसरे माजी अध्यक्ष होमी सेठना यांनीही संथानम यांची बाजू घेतली. माजी लष्करप्रमुख व्ही. पी. मलिक यांनी शंका दूर करा म्हणून सांगितले, कारण शेवटी ही शस्त्रे लष्कराने वापरायची आहेत.

समोरच्या बाजूलाही मोठी माणसे होती. आर. चिदंबरम आणि अनिल काकोडकर यांनी सप्टेंबर २००९ मध्ये पत्रकार परिषद घेऊन स्फोट पूर्ण यशस्वी असल्याचे सांगितले. दोन्ही विहिरींभोवतीचा खडक वेगळा, म्हणून खड्डेही वेगळे, हे त्यांचे शास्त्रीय उत्तर. डॉ. अब्दुल कलाम यांनीही चाचणी यशस्वी झाल्याची ग्वाही दिली. काकोडकरांविषयी महाराष्ट्राला आदर आहे आणि तो योग्यच आहे. त्यांच्या सचोटीवर मला तसूभरही शंका नाही. पण शास्त्रात प्रश्न सचोटीने सुटत नाही, मोजमापाने आणि तिसऱ्याच्या तपासणीने सुटतो. ज्या संस्थेने बॉम्ब बनवला, तिनेच स्फोट मोजला आणि तिनेच निकाल दिला. दोन्ही बाजूंना मान्य असतील अशा तज्ज्ञांची समिती नेमा, सगळी कागदपत्रे त्यांना बंद खोलीत दाखवा, ही संथानम आणि अय्यंगार यांची मागणी होती. यात गुप्ततेचा भंग कुठे होतो? सरकारने वाद संपल्याचे जाहीर केले आणि समिती नेमली नाही.

हा वाद कोणाच्या मानापमानाचा नाही. भारताने आधी वापर न करण्याचे धोरण स्वीकारले आहे. जानेवारी २००३ मध्ये ते जाहीरही केले. म्हणजे आपली सगळी सुरक्षा पहिला घाव सोसून नंतर द्यायच्या प्रत्युत्तरावर उभी आहे. ते प्रत्युत्तर हायड्रोजन बॉम्बवर बेतलेले असेल आणि तो बॉम्ब पूर्ण पेटतो की नाही याविषयी आपल्याच शास्त्रज्ञांत फूट असेल, तर हे जाणून घेण्याचा हक्क निदान संसदेला तरी हवाच. २००८ मध्ये अमेरिकेशी अणुकरारावरून लोकसभेत विश्वासदर्शक ठराव झाला. आणखी चाचण्यांची गरज आहे की नाही हा त्या चर्चेतला कळीचा मुद्दा. त्या वेळी सभागृहातल्या किती जणांना ठाऊक होते की डीआरडीओने, संथानम यांच्या सांगण्याप्रमाणे, १९९८ मध्येच सरकारला वेगळा निष्कर्ष कळवला होता? ब्रिटिश खासदारांनी २०१६ मध्ये जसे अर्धवट माहितीवर मतदान केले, तसेच आपल्या खासदारांनी आठ वर्षे आधी केले.

मुंबईकरांना हा प्रश्न दूरचा वाटत असेल तर त्यांनी ट्रॉम्ब्याकडे पाहावे. मानखुर्द, गोवंडी, चेंबूरच्या दाट वस्त्यांशेजारी भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. शस्त्रांसाठीचे प्लुटोनियम सायरस आणि ध्रुव या तिथल्या अणुभट्ट्यांतून आले. २००० साली सरकारने या केंद्राला अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीतून बाहेर काढले. तिथल्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवते ती केंद्राचीच स्वतःची समिती. त्याआधी १९९५ मध्ये नियामक मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी देशभरच्या अणुकेंद्रांमधल्या सुमारे १३० सुरक्षाविषयक त्रुटींचा अहवाल तयार केला. त्यावर ‘गुप्त’ असा शिक्का बसला. मुंबई सर्वोदय मंडळ आणि पीयूसीएल ही नागरी हक्क संघटना यांनी तो मिळावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. याचिका फेटाळली गेली आणि जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यातले, अणुविषयक माहिती गुप्त ठेवण्याचा अधिकार सरकारला देणारे कलम १८ वैध ठरवले. गळक्या नळांची आणि जुनाट झडपांची यादीसुद्धा बॉम्बच्या छायेत गेली की राष्ट्रीय गुपित होते. त्या नळांच्या पलीकडच्या भिंतीला लागून राहणाऱ्या माणसाने मग कोणाकडे जायचे?

उघडपणाने आकाश कोसळत नाही, हे अमेरिकेनेही एकदा दाखवले आहे. ऑगस्ट २००७ मध्ये नॉर्थ डकोटातल्या मायनॉट तळावरून लुइझियानातल्या बार्क्सडेल तळाकडे एक बी-५२ विमान गेले. त्याच्या पंखाखाली सहा क्षेपणास्त्रे खऱ्या अण्वस्त्रांसह चुकून लावलेली होती. सुमारे दीड दिवस हवाई दलाला पत्ताच नव्हता की सहा अण्वस्त्रे जागेवर नाहीत. अण्वस्त्रे कुठे आहेत हे कधीच सांगायचे नाही असे अमेरिकेचे धोरण. ते बाजूला ठेवून हवाई दलाने पत्रकारांना बोलावून काय चुकले ते सांगितले. पुढच्या जूनमध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी हवाई दलाचे मंत्री आणि हवाई दलप्रमुख दोघांनाही घरी पाठवले. अमेरिकेचा धाक त्याने घटला, असे कोणी म्हटले नाही. अर्थात तिथेही बातमी आधी वर्तमानपत्राने फोडली होती, आणि १९६१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या गोल्ड्सबरोजवळ कोसळलेल्या विमानातला जवळपास चार मेगाटनांचा बॉम्ब एका साध्या विद्युत स्विचमुळे फुटायचा वाचला, हे सांगणारा सरकारी दस्तऐवज लोकांपुढे यायला २०१३ उजाडले. ज्या लोकांच्या डोक्यावर तो पडला होता, त्यातले अनेक तोवर हयातही नसतील.

आपल्याला २०२२ चा ब्रह्मोसचा प्रसंग आठवत असेल. ९ मार्चला आपले क्षेपणास्त्र चुकून पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. अण्वस्त्र नव्हते, पण दोन अण्वस्त्रधारी देशांच्या सीमेवरून ते गेले. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानी लष्कराने पत्रकार परिषद घेतली आणि भारतीयांना आपल्या चुकीची बातमी त्यांच्याकडून कळली. तिसऱ्या दिवशी आपले निवेदन आले, त्यात कारण ‘तांत्रिक बिघाड’ असे होते. ऑगस्टमध्ये तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले तेव्हा कारण निघाले ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीचे उल्लंघन. चूक मान्य केली आणि जबाबदारी निश्चित केली, याचे श्रेय सरकारला द्यायला हवे. पण बिघाड आणि बेशिस्त या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चौकशीचा अहवाल संसदेपुढे आला नाही.

काय करता येईल हे सांगणे अवघड नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(२) म्हणते की सार्वजनिक हित मोठे असेल तर शासकीय गुपिते कायदा आड येणार नाही, आणि कलम १० नुसार कागदातला गुप्त भाग झाकून उरलेला देता येतो. अपयशाची वस्तुस्थिती, तारीख, धोका कोणाला होता, चौकशी झाली की नाही आणि दोष दूर झाला की नाही, एवढे उरलेल्या भागात नक्की बसते. तांत्रिक तपशील झाकलेलाच राहू द्या. जो भाग जनतेला सांगता येत नाही तो शपथबद्ध सर्वपक्षीय खासदारांच्या छोट्या समितीला बंद दाराआड सांगायला हवा, आणि कोणत्याही अण्वस्त्रविषयक ठरावाआधी त्या समितीने सभागृहाला कळवायला हवे की सरकारने महत्त्वाचे काही दडवलेले नाही. ट्रॉम्ब्याच्या सुरक्षिततेची देखरेख ट्रॉम्ब्याबाहेरच्या संस्थेकडे परत जायला हवी. आणि पोखरणच्या हायड्रोजन बॉम्बविषयी ती राहून गेलेली समिती अजूनही नेमता येते. अय्यंगार, सेठना, कलाम गेले. चिदंबरम जानेवारी २०२५ मध्ये गेले. मोजमापांचे कागद मात्र भाभा केंद्राच्या कपाटात आहेत, आणि ते वाचू शकतील असे शास्त्रज्ञ या देशात आहेत.